जांभळी वीज आणि साबणाचा बुडबुडा

निवृत्तीच्या आधीची तीन वर्षं मी हातभर लांबीच्या एका काचेच्या नळीसमोर काढली. त्याआधीची सव्वीस वर्षंही त्याच कॉलेजात, त्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. मुलांना ब्युरेट सरळ धरायला शिकवलं, फुटलेल्या काचसामानाच्या याद्या केल्या, परीक्षेच्या दिवशी रडणाऱ्या मुलींना पाणी पाजलं. पण आज कोणी विचारलं, "गांगुर्डे मॅडम, नोकरीत केलंत काय?" की माझ्या तोंडून पहिल्यांदा ती नळीच बाहेर पडते. इंदिरानगरला सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायकांनी हा प्रश्न विचारणं आता बंद केलंय. एकदा सुरू झाले की मी तीन फेऱ्या थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. खरं आहे ते.

माझं मुख्य काम गॅस क्रोमॅटोग्राफ चालवायचं. नाव भारदस्त आहे, काम सोपं आहे. वेगवेगळे वायू एकत्र मिसळलेले असतील तर त्यात कोण कोण आहे आणि किती आहे, ते हे यंत्र सांगतं. समजा, इंदिरानगरहून दहा जण एकाच वेळी त्र्यंबकेश्वरला पायी निघाले. कोणी सरळ चालत सुटेल, कोणी प्रत्येक टपरीवर चहाला थांबेल. निघाले बरोबर, पण पोचतील एकामागून एक. माझ्या यंत्रात एक लांबलचक बारीक नळी गुंडाळलेली असते, तोच हा रस्ता. हायड्रोजन कुठेच रेंगाळत नाही, तो सगळ्यांच्या आधी पोचतो. मग ऑक्सिजन, नायट्रोजन, मग मिथेन, त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड. जो पोचेल त्याचं पडद्यावर एक शिखर उमटतं. शिखर जेवढं मोठं तेवढा तो वायू जास्त. एवढंच. पण ते शिखर वर चढताना पाहण्यात जी धडधड असते, ती मला कधी कोणाला समजावून सांगता आली नाही.

आमच्याकडे देवरे सर नव्याने रुजू झाले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. सटाण्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, आनंद झाला की अहिराणीत जायचे. त्यांच्या हाताखाली पीएचडीला पूर्वा नावाची मुलगी आली. तिचे आई-वडील दोघंही शाळेत शिक्षक. मुलगी हुशार, घाईची, आणि चुकलं की ओठ चावणारी. सर आणि ती मिळून मिथेनवर काम करणार होते.

मिथेन म्हणजे गोबरगॅसमध्ये असतो तोच. चुलीत जाळला की संपला. पण त्याचं रूपांतर केलं तर त्यातून हायड्रोजन मिळतो, आणि पुढे कितीतरी रसायनं करता येतात. अडचण एकच: मिथेन हा हट्टी वायू आहे. एका कार्बनला चार हायड्रोजन असे घट्ट बांधलेले असतात की ती गाठ सोडवायला एरवी आठशे अंशांची भट्टी लागते. सरांचं म्हणणं, भट्टी नको, वीज वापरू. काचेच्या नळीत मधोमध पोलादी सळई घालायची, बाहेरून जाळी गुंडाळायची आणि दोन्हींमध्ये हजारो व्होल्टची वीज सोडायची. मधल्या, बोटाच्या पेराहून कमी जागेतून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड वाहत असतात. वायू फार तापत नाही, पण त्यातले इलेक्ट्रॉन पिसाळल्यासारखे धावतात आणि मिथेनच्या गाठी तोडतात. याला प्लाझ्मा म्हणतात. शिवाय नळीत निकेलचा लेप दिलेले साबुदाण्याएवढे मणी भरायचे. ते उत्प्रेरक, म्हणजे तुटलेल्या तुकड्यांची नवी जोडी जमवणारे मध्यस्थ.

पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळचे अकरा वाजले होते, खिडक्यांना काळा कागद लावला होता. आम्ही तिघं रबरी चटईवर उभे. सरांनी व्होल्टेज हळूहळू वर नेलं. काही नाही. आणखी वर. काही नाही. मग मोहोळ उठावं तसा गुंईं आवाज आला आणि नळी आतून उजळली. जांभळी, कोनफळाच्या कापासारखी जांभळी! बारीक बारीक विजेच्या रेघा सळईपासून काचेपर्यंत नाचत होत्या.

"पेटनं!" सर ओरडले. "भारी शे!"

पूर्वा माझा दंड धरून उड्या मारत होती. मी म्हटलं, "अगं, हजारो व्होल्ट आहेत, उड्या नंतर मार." पण माझेही पाय जमिनीवर नव्हते.

पेटवणं सोपं असतं, हे पुढच्या महिन्यांत कळलं. खरं काम होतं नळीचा स्वभाव ओळखण्याचं. वायू जोरात सोडला तर तो नळीतून पळून जायचा, गाठ सुटायला वेळच मिळायचा नाही. हळू सोडला तर रूपांतर वाढायचं, पण बाहेर येणारा माल थोडा. वीज वाढवली तर आकडे चढायचे, मात्र तासाभराने मणी काजळी धरायचे. मिथेन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी ठेवला तर काजळी आणखी लवकर. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या धरून ठेवायच्या, अर्धा तास थांबायचं, नमुना घ्यायचा. मग दुसरी बदलायची. सासरी नवीन गेलेल्या मुलीला जसं कळतं, की कोणाला किती तिखट लागतं, तसं आम्हाला त्या नळीचं कळत गेलं.

आणि मग एक दिवस आकडे चढायला लागले. वीज थोडी वाढवली, प्रवाह थोडा कमी केला, मणी बदलले, आणि मिथेनचं शिखर बघता बघता खाली आलं. त्याच्या आधी हायड्रोजनचं शिखर त्र्यंबकच्या डोंगरासारखं उभं! निम्म्याहून जास्त मिथेन संपल्याचा हिशेब निघत होता. पूर्वाने एका परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला, तो स्वीकारला गेला. तिच्या वडिलांनी शाळेत पेढे वाटले. आम्ही तिघं हवेत होतो.

इथे माझी चूक येते, आणि ती मला नीट सांगायची आहे.

बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग मोजायचं एक जुनं साधन असतं. खुणा केलेली उभी काचेची नळी, खाली रबराचा फुगा, त्यात साबणाचं पाणी. फुगा दाबला की साबणाचा एक पडदा तयार होतो आणि वायूच्या जोरावर वर सरकतो. घड्याळ लावून बघायचं, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत जायला किती वेळ लागला. पोरखेळ वाटतो, पण याच्याइतकं खरं बोलणारं साधन दुसरं नाही. मी ते प्रयोगाच्या सुरुवातीला, वीज बंद असताना वापरायचे आणि तोच वेग दिवसभर धरून चालायचे. वीज चालू असताना पुन्हा मोजायला हवं, हे मला सुचलं नाही असं नाही. वेळ जातो म्हणून टाळलं. सव्वीस वर्षं मुलांना "आळस करू नका" सांगणारी बाई मी.

परिषदेला पंधरा दिवस उरले होते. त्या दिवशी मला शंका आली की कुठल्यातरी सांध्यातून गळती होतेय. म्हणून वीज चालू असताना साबणाचा बुडबुडा सोडला. गळती असेल तर तो हळू चढायला हवा. तो भराभर चढला! मला वाटलं, घड्याळ चुकलं. पुन्हा सोडला. पुन्हा भराभर. वीज बंद केली, बुडबुडा मंदावला. चालू केली, धावला. नळीत जेवढा वायू आत जात होता त्यापेक्षा जास्त बाहेर येत होता.

मी स्टुलावर बसले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मिथेनचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, दोन आत जातात. त्यांचे दोन हायड्रोजन आणि दोन मोनॉक्साइड होतात, चार बाहेर येतात. वायू वाढणारच. हे तर अकरावीच्या पुस्तकातलं समीकरण! म्हणजे मिथेनचं शिखर जे एवढं खाली आलं होतं, ते काही अंशी मिथेन संपला म्हणून, आणि काही अंशी तो पातळ झाला म्हणून. ताकात पाणी ओतलं की आंबटपणा कमी होतो. म्हणून ताक कोणी प्यायलं असं होत नाही. आमचे सगळे आकडे फुगलेले होते. फुगवले नव्हते, फुगलेले होते. पण छापून आल्यावर वाचणाऱ्याला तो फरक कुठे कळतो?

खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं माझ्या मनात आलं की गप्प बसावं. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. पूर्वाचं नाव होणार होतं. आणि चूक माझ्या हातची होती. मी त्या दहा मिनिटांत चार वेळा तो बुडबुडा सोडला. चारही वेळा तो तितक्याच जोरात चढला. मग उठले आणि सरांच्या खोलीत गेले. पूर्वा तिथेच होती, परिषदेत दाखवायची चित्रं करत.

"सर, एक सांगायचंय. आकडे चुकलेत. माझ्यामुळे."

मी सगळं सांगितलं. पूर्वा आधी हसली, मग तिने कागद ओढून गणित केलं. मग तिने ओठ चावला.

"मॅडम, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं गं."

"आठ महिने! आठ महिन्यांत एकदा मोजता आलं नाही तुम्हाला?" ती उठली आणि निघून गेली. दरवाजा आपटला नाही. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

सरांनी पूर्वाचा कागद ओढून गणित पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, मी पण गाइड आहे. मला पण समीकरण येतं. मी पण बघितलं नाही." एवढं बोलून त्यांनी संगणक उघडला आणि परिषदेला पत्र लिहायला घेतलं: आकड्यांत त्रुटी आढळली आहे, निबंध मागे घेत आहोत. मी तिथे उभी होते. पाठवण्याआधी त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गेलं पत्र.

चार दिवस पूर्वा माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी आले तर ती माझ्या आधी येऊन बसलेली, समोर साबणाचा बुडबुडा आणि हातात घड्याळ. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, साबण पातळ झालाय. नवीन करून द्या ना." मी करून दिला. त्यावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही. गरजही पडली नाही.

सगळे प्रयोग पहिल्यापासून केले. खरे आकडे निघाले ते आधीच्यापेक्षा बरेच बुटके होते. पण ते आमचे होते, आणि कितीही वेळा विचारलं तरी तेच उत्तर देत होते. आणि गंमत अशी की खरं मोजायला लागलो तेव्हाच नळीने पहिल्यांदा आम्हाला काही नवीन सांगितलं.

झालं असं, की एकदा मणी भरताना शेवटी लावायची काचेची लोकर सरकली आणि निम्मे मणी खळखळ करत पूर्वाच्या हातातल्या बशीत आले. उत्प्रेरक करायला आठवडा लागतो. ती वैतागून म्हणाली, "जाऊ दे, आज अर्ध्याच भरलेल्या नळीवर बघू." मी नमुना घेतला. मिथेनचं शिखर खाली. मला वाटलं, बुडबुडा फसवतोय. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: अर्धी भरलेली नळी पूर्ण भरलेल्या नळीपेक्षा चांगलं काम करत होती!

"कसं शक्य आहे?" पूर्वा म्हणाली. "उत्प्रेरक निम्मा केला आणि काम वाढलं?"

सर धावत आले. त्यांनी काळा कागद लावून आत डोकावलं. पूर्ण भरलेल्या नळीत मणी इतके दाटीवाटीने बसायचे की विजेला नाचायला जागाच उरायची नाही. मण्यांच्या अंगावरून थोडी थोडी सरपटायची. आता पहिल्या मोकळ्या अर्ध्यात ती मनसोक्त नाचत होती, गाठी तोडत होती, आणि पुढच्या अर्ध्यात मणी ते तुकडे जुळवत होते.

"काय व्हयनं हे!" सर स्वतःशीच म्हणत होते. "मॅडम, परत मोजा. परत." त्या दिवशी आम्ही डबे चार वाजता उघडले.

आता गोष्टीत रावसाहेब पिंगळे येतात. दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, साठीचे, गुरंही बरीच. त्यांचा मोठा गोबरगॅस होता आणि शेजारच्या वाईनरीतला द्राक्षांचा चोथा ते त्यात टाकायचे. सरांनी त्यांची कुठल्यातरी कृषी प्रदर्शनात ओळख करून घेतली होती. सिलिंडरमधला शुद्ध मिथेन वापरून खूप झालं होतं. खऱ्या शेतातला गॅस नळीला मानवतो का, ते बघायचं होतं. एका शनिवारी सकाळी रावसाहेब आपल्या पिकअपमधून थेट प्रयोगशाळेच्या दाराशी आले. मागे ट्रॅक्टरच्या चाकाची फुगलेली ट्यूब.

"घ्या ताई, गॅस. ताजा हाय, सकाळी भरला."

आम्ही तिला नळी जोडली. पूर्वाचा हात विजेच्या बटणावर. माझा एक नियम होता: नवीन वायू आला की आधी माझ्या यंत्रातून जाणार, मग वीज. मी नमुना सोडला. हायड्रोजनची जागा रिकामी, बरोबर. आणि त्यानंतर लगेच एक शिखर उगवलं, जे तिथे असायलाच नको होतं. ऑक्सिजन. पाठोपाठ नायट्रोजनचं मोठं शिखर.

"पूर्वा, हात काढ."

"काय झालं?"

"हात काढ आधी."

तिने काढला. ट्यूबमध्ये हवा होती. मिथेनमध्ये ठरावीक प्रमाणात हवा मिसळली की त्याला फक्त एक ठिणगी लागते, आणि आमची नळी म्हणजे तर ठिणग्यांचंच कारंजं. ते प्रमाण आत्ता किती होतं, हे बघत बसायची माझी तयारी नव्हती. मी वायूचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग रावसाहेबांना विचारलं, "ट्यूब भरण्याआधी पूर्ण चपटी केली होती का?"

"चपटी? नाय. थोडी हवा होती तिच्यात. तेवढ्यानं काय होतंय?"

मी सांगितलं काय होतं ते. त्यांचा स्वर जरा चढला. "ताई, मी एवढ्या लांबून आणलाय. लय जपून आणलाय."

"माहितीये भाऊ. पण मी हे पेटवू देणार नाही."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम नाही म्हणाल्या तर नाही." रावसाहेब ट्यूब उचलून गेले. मला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. पूर्वा स्टुलावर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी पिकअप परत दारात. "ट्यूब लाटण्यानं लाटली," रावसाहेब हसत म्हणाले. "घरच्या बायका हसत होत्या. आधी गॅसनं फुगवली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. आता बघा तुमच्या मशीनला काय म्हणायचंय." यंत्राला काही म्हणायचं नव्हतं. ऑक्सिजनची जागा सपाट.

या गॅसला कुजक्या अंड्यांचा वास होता, तो गंधकाचा. निकेलच्या मण्यांना तो विषासारखा. म्हणून आम्ही अंबडच्या एका कारखान्यातून लेथवरचा लोखंडी कीस आणून, भिजवून, गंजवून ठेवला होता. गॅस आधी त्या गंजातून न्यायचा, गंधक तिथेच अडकतं. मग ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून. आणि मग आमच्या नळीत.

पूर्वाने बटण दाबलं. जांभळा उजेड पडला. अर्ध्या तासाने मी नमुना घेतला. चौघंही पडद्यासमोर. रेघ सपाट, सपाट, सपाट... आणि उसळी!

"हा कोण?" रावसाहेबांनी विचारलं.

"हायड्रोजन," मी म्हटलं. "तुमच्या शेणातला."

"आमच्या?" त्यांनी टोपी काढून परत घातली. "आमच्या शेणातून हायड्रोजन!"

सर आणि पूर्वा एकमेकांना टाळ्या देत होते. रावसाहेब मात्र पडद्यावरून नजर काढून टेबलाखालच्या वायरींकडे बघायला लागले होते. वाकून त्यांनी भिंतीतल्या प्लगपर्यंत वायर पाहिली.

"ही वीज किती खाती?"

पूर्वाने प्लाझ्माला मिळणाऱ्या विजेचा आकडा सांगितला.

"तसं नाय. भिंतीतून किती घेती?"

ते आम्ही मोजलंच नव्हतं. आम्ही नळीत पोचणारी वीज मोजत होतो. भिंत ते नळी या वाटेत किती सांडते, याचा विचारच केला नव्हता. रावसाहेब म्हणाले, "पंपानं किती पाणी उचललं ते धरायचं का झाडाच्या बुडाशी किती पडलं ते? मधी पाइप फुटका असंल तर?"

मी विद्युत विभागातून प्लगला लावायचा मीटर आणला. आकडा बघून सरांचा चेहरा उतरला. नळीत पोचत होती त्याच्या कितीतरी पट वीज भिंतीतून जात होती.

"मग उपयोग काय?" रावसाहेबांनी अगदी सरळ विचारलं. त्यात खोच नव्हती, म्हणून जास्त लागलं.

सर म्हणाले, "अजून तरी नाही."

आणि तेवढ्यात पूर्वा ओरडली, "सर! वारंवारता!"

ती काय म्हणत होती, ते असं. झोपाळ्याला धक्का द्यायचा असतो तो त्याच्या लयीत. लय चुकली की हात दुखतात आणि झोपाळा हलत नाही. आमच्या विजेलाही अशी एक लय लावावी लागायची, सेकंदाला किती वेळा उलटसुलट व्हायचं याची. ती लय नळीवर अवलंबून असते, आणि ती आम्ही पूर्ण भरलेल्या नळीसाठी लावली होती. निम्मे मणी काढल्यावर नळी बदलली, पण लय आम्ही बदललीच नव्हती. कित्येक आठवडे आम्ही झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्के देत होतो!

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. पूर्वा वारंवारतेचं बटण तसूतसूने फिरवत होती, सर नळीतल्या विजेचा आकडा ओरडून सांगत होते, रावसाहेब भिंतीवरच्या मीटरसमोर उकिडवे बसून तिथला आकडा वाचत होते, आणि मी बुडबुडे सोडत, नमुने घेत होते.

"उतरला! उतरला ताई!" रावसाहेबांचा आवाज फाटला. "लय उतरला!"

"इकडे तेवढाच आहे!" सर ओरडले. "पूर्वा, थांब. केसभर मागे. भारी शे, भारी शे!"

भिंतीतून जाणारी वीज घसरत घसरत आली आणि नळी मात्र तशीच जांभळी पेटलेली. मग आम्ही व्होल्टेजही थोडं उतरवलं. रूपांतर जरा कमी झालं, पण विजेच्या प्रत्येक घोटामागे हायड्रोजन जास्त मिळायला लागला. रावसाहेब म्हणाले, "बागेला पण हेच असतंय. पाणी जास्त सोडलं म्हणून घड मोठा होत नाय."

खरं सांगते, हिशेब तरीही जमला नाही. त्या हायड्रोजनमधून जेवढी ऊर्जा मिळाली असती त्याहून जास्त वीज आम्ही खर्चत होतोच. सरांनी ते रावसाहेबांना लपवाछपवी न करता सांगितलं. ती नळी दिंडोरीच्या गोठ्यात बसलेली बघायची मला फार इच्छा होती. ती माझ्या नोकरीत पुरी झाली नाही. पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांतली दरी पाहून आम्ही चौघं वेड्यासारखे हसत होतो.

निघताना मी दिवसाची नोंद वहीत लिहिली. पूर्वाची सही झाली, सरांची झाली. रावसाहेब म्हणाले, "मी करू का?" मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'गॅस आमचा. भिंतीतली वीज समक्ष मोजली. रावसाहेब पिंगळे, दिंडोरी.'

पूर्वाची पीएचडीची अंतिम मुलाखत झाली तेव्हा मी निवृत्त होऊन काही महिने झाले होते. मुलाखत सगळ्यांना खुली असते, म्हणून मी मागच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी रावसाहेब, पांढरीशुभ्र टोपी घालून. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मोठे कडक होते. त्यांनी प्रबंध बाजूला ठेवला आणि मूळ वह्या मागवल्या. एकेक पान उलटत एका ठिकाणी थांबले आणि इंग्रजीत विचारलं,

"हे पिंगळे कोण? कुठल्या विभागाचे?"

रावसाहेबांनी मला कोपराने हलवलं. "काय विचारतोय माझ्याबद्दल?"

"तुमचा विभाग विचारताहेत," मी कुजबुजले.

पूर्वाने यावेळी ओठ चावला नाही. "सर, ते द्राक्षबागायतदार आहेत. भिंतीतून किती वीज जाते हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. त्यांनी विचारला."

परीक्षकांनी ते पान पुन्हा वाचलं. समोरच्या कागदावर त्यांनी विचारायचे प्रश्न लिहून आणले होते. पेन काढून त्यातल्या पहिल्याच प्रश्नावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"भिंतीतल्या विजेचाच होता. हा झाला," ते म्हणाले. "आता दुसरा."